उभ्याने पाहिलेलं जग

माझ्या मावशीचे यजमान देश-परदेश फिरून आले, पण तिकडचं जग कसं आहे असं त्यांना विचारू नका. ते बस कशी होती तेवढंच सांगतील. आम्ही भाचरं त्यांना डबलबेल काका म्हणतो, अगदी तोंडावरसुद्धा. जन्मभर त्यांनी कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर मावशीला म्हणाले, "आता आपण जरा प्रवास करू."

"मग इतकी वर्षं काय करत होतात?" मावशीने विचारलं.

"ती ड्यूटी!"

पहिल्यांदा दोघं समुद्रावर जाऊन आले. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "काका, समुद्र कसा होता?" तर म्हणाले, "दरवाजा लागत नव्हता गं. वाऱ्याने सारखा उघडायचा. ड्रायव्हरला म्हटलं, अरे बाबा, कडीला दोरी तरी बांध." मग डोंगरावर गेले. तिथला सूर्योदय बघायला लोक कुठून कुठून येतात. काकांना तिथे आवडली ती सीटच्या पाठीमागची लोखंडी मूठ. वळणावर धरून उभं राहायला फार सोयीची होती म्हणे.

उभं राहायला! इथेच मावशीचं घोडं अडलं होतं. लग्न झाल्यापासून ती माहेरी जायची ती काकांच्याच गाडीने. घरच्या माणसांना पास होता. ती खिडकीशी, शेजारी कुणीतरी परकी बाई किंवा कुणाचं तरी गाठोडं, आणि नवरा आपला "पुढे सरका, आत बरीच जागा आहे" करत लोकांना ढकलतोय. अख्ख्या संसारात नवरा-बायको बसच्या एका सीटवर शेजारी बसले नाहीत. काका निवृत्त झाल्यावर मावशीने दागिना मागितला नाही की साडी मागितली नाही. "एकदा माझ्या शेजारी बसा आणि पोचेपर्यंत उठू नका, एवढंच माझं मागणं आहे," असं तिने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

काका हो म्हणायचे. पण जित्याची खोड ती. गाडी उभी असली की ते मावशीच्या शेजारी बसायचे आणि गाडी सुटली की उभे राहायचे.

परदेशी सहलीला त्यांनी मलाही सोबत नेलं, मला इंग्रजी येतं म्हणून. तिथे कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, हा भाग वेगळा. बसमध्ये शिरल्या शिरल्या काकांनी विचारलं, "कंडक्टर कुठाय?" कंडक्टर नव्हता. एक धिप्पाड ड्रायव्हर होता आणि आमच्याबरोबर आलेली, माईकवर बोलणारी गाईड पोरगी होती. एवढी मोठी चकचकीत गाडी आणि कंडक्टर नाही, हे ऐकून काकांचा चेहरा पडला. मग कंडक्टरची जागा रिकामी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा खुलला.

घंटेची दोरी नव्हती, तर त्यांनी बोटातल्या अंगठीने वरच्या दांडीवर टण् टण् केलं. ड्रायव्हर पहिल्या दिवशी दचकला, दुसऱ्या दिवशी हसला आणि तिसऱ्या दिवसापासून त्या टण् टण्‌शिवाय गाडी हलवीना. एक टण् म्हणजे थांब आणि दोन म्हणजे सोड, हे काकांनी त्याला कुठल्या भाषेत शिकवलं ते मला अजून कळलेलं नाही. गाईडनेही माणसं मोजायचं काम आनंदाने त्यांच्या गळ्यात घातलं. मावशी खिडकीशी बसायची आणि शेजारच्या सीटवर काकांचं जॅकेट.

"निदान हे तरी बसतं," मावशी म्हणायची.

एके दुपारी हमरस्त्यावरच्या एका थांब्यावर गाडी थांबली. लोक पाय मोकळे करून, तोंडं धुऊन परत आले. काकांनी मागपासून पुढपर्यंत माणसं मोजली, मान हलवली आणि डबल बेल दिली. गाडी सुटली. मी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते, त्यामुळे माझी साक्ष घेऊ नये.

बऱ्याच वेळाने काकांनी पाण्याची बाटली मावशीच्या दिशेने धरली. "घे, दोन घोट पी," असं तिच्याकडे न बघताच म्हणाले. बाटली कुणी घेतली नाही. मग त्यांनी वळून पाहिलं. सीटवर जॅकेट होतं, पर्स होती, पर्समध्ये तिचा फोनही होता आणि मावशी नव्हती.

काकांनी दांडीवर अशी एक बेल हाणली की अंगठीचा खडा उडाला. ड्रायव्हरने शिष्याला शोभेल अशा तत्परतेने गाडी कडेला घेतली.

गाईड रडकुंडीला आली. पुढचा राजवाडा बंद होईल म्हणाली. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ कुरकुरले, "एका माणसासाठी एवढी गाडी मागे न्यायची?"

असलं वाक्य काकांनी स्वतः नोकरीत हजार वेळा उच्चारलं असेल. धावत येणाऱ्या म्हाताऱ्यांना, लग्नाला निघालेल्यांना, मलासुद्धा. त्या दिवशी मात्र ते ओरडले, "माणूस नाही हो, बायको आहे!" आणि त्यांचा आवाज फाटला. ड्रायव्हरने न विचारता गाडी वळवली.

सगळ्या वाटेवर काका दारात उभे होते. मी धीर द्यायला जवळ गेले, तर ते रस्त्यावरून नजर काढेनात. त्या मुलखात मावशीला एक अक्षर कळत नव्हतं, जवळ फोन नव्हता. मला खरंच भीती वाटली.

मावशी थांब्यासमोरच्या बाकावर ऐसपैस बसली होती. शेजारी तिथली झाडणारी बाई होती आणि दोघींच्या मध्ये बिस्किटांचा पुडा. दोघी एकमेकींना आपापले गुडघे दाखवत होत्या. गुडघ्यांना भाषा लागत नाही.

काका उडी मारून उतरले. बोलायचं काय काय असेल त्यांना, पण तोंडातून निघालं ते सवयीचंच. "चला, चला, बसा लवकर!"

मावशी जागची हलली नाही. "व्हा तुम्ही पुढे," ती शांतपणे म्हणाली. "मागून रिकामी गाडी येतेय."

अख्खी बस खो-खो हसली. ज्याला कंडक्टरने हे सांगून रस्त्यात सोडलं नाही, असा माणूस आमच्याकडे जन्मायचाय. कॅमेरावाले गृहस्थ तर खिडकीतून टाळ्या वाजवत होते. काका तेवढे हसले नाहीत.

"अगं, मी मोजली होती सगळी," ते म्हणाले. "आकडा बरोबर भरला."

"माझ्याशिवाय?"

काकांनी खाली पाहिलं. "तू पासवर ना," ते हळूच म्हणाले. "तुला मी कधी मोजण्यात धरलंच नाही."

खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. मला धरलं होतं, त्या कुरकुऱ्या गृहस्थांना धरलं होतं, आणि हिला नाही! मावशी मात्र बिस्किटाचा तुकडा मोडत त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्या बाईचा हात दाबून उठली, बसमध्ये चढली आणि सीटवरचं जॅकेट उचलून वर टाकलं.

"आत सरका," ती म्हणाली. "खिडकीशी तुम्ही. मी बाहेरच्या बाजूला बसते, म्हणजे उठता यायचं नाही."

काका मुकाट्याने आत सरकले. गाईडने स्वतः माणसं मोजली. ड्रायव्हर आरशातून वाट बघत होता, तेव्हा मावशीनेच उठून बांगडीने दांडीवर टण् टण् केलं आणि पुन्हा बसली. काका पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. बसल्या बसल्या प्रवास करताना हात कुठे ठेवतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

बराच वेळ ते समोर बघत होते. समोर बघून बघून मान अवघडली तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं. बाहेर पिवळी शेतं होती, एका तळ्याकाठी कपडे वाळत होते, लांबवर एक पोरगी सायकलवरून दोन्ही हात सोडून चालली होती. काका काचेला नाक लावून बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "हे येताना पण होतं?"

"होतं."

"रोज असतं?"

"आपल्या रस्त्यालाही असायचं," मावशी म्हणाली.

काकांनी हात खाली घेतले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय काय असायचं?"

मावशी नीट मांडी घालून बसली आणि तिने अगदी पहिल्या स्टॉपपासून सांगायला सुरुवात केली.