वाकळीतला पदर

सुनेनं वाकळ उन्हात टाकताना विचारलं, "आई, ह्या वेलीत हिरवा तुकडा कसला शिवलाय?"

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझं लग्न झालं. सांगलीच्या माहेराहून दहिवडीला सासरी नवी शिलाई मशीन आली. कापड दाबणारा पाय काढून, वाकळ दोन्ही हातांनी फिरवत मी वेल काढायला शिकत होते. डोक्यावरचा पदर घसरला आणि वेलीबरोबर शिवला गेला. तेवढ्यात मामंजी दारात! डोकं उघडं, जागचं हलता येईना; लाजेनं मेले.

सासूबाईंनी वाकळीचं लोंबतं टोक उचलून माझ्या डोक्यावर टाकलं. "आवं, भाईरच थांबा! पोरगी अडाकलीय!" मग पदर कापत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुकडा तितंच."

मामंजींना जाऊन कैक वर्षं झाली. तरी सुनेसमोर माझा हात आपसूक डोक्याकडे गेला. अंगात गाऊन होता.