आठाच्या रॉडला आठाचीच लाईन

खांदा आखडल्यापासून मासे धरायचा फ्लाय रॉड हातात घेतला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. लेकीच्या सासरी तंजावरला जायचेच होते, तेव्हा ठरवले: कावेरीवर फेकून बघायचे. जमले तर ठीक, नाहीतर रॉड देऊन टाकायचा. कपाटात ठेवून उसासे टाकणे मला मानवत नाही.

रॉडची लांब नळी गाडीत सांभाळणे कटकटीचे, म्हणून सामान कुरियरने पुढे पाठवले. चेन्नईहून दिवसाचीच गाडी घ्या. त्रिचीनंतर दोन्हीकडे भाताची खाचरे लागतात, तेव्हा फोन बाजूला ठेवा.

व्याही सेतुराव दारातच त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "येवा विहीणबाई! सगळं जोडून ठेवलों. व्हिडिओ बघून."

"लाईन आठ नंबरची लावलीत ना?"

"आठच वो!"

नवख्यांसाठी सांगते. या प्रकारात गळाला पिसाएवढेही वजन नसते. फेक जाते ती दोरीच्या, म्हणजे लाईनच्या वजनावर. म्हणून रॉडचा आणि लाईनचा नंबर जुळावा लागतो. जुळला की रॉड आपणहून वाकतो आणि मनगटावर काम भागते. लाईन हलकी असली की रॉड ताठच राहतो आणि माणूस खांद्याने जोर लावत बसतो.

कावेरीकाठच्या तिरुवैयारुला बस सतत असते, तिकीट किरकोळ, सुटे पैसे ठेवा. स्नानाच्या घाटांपासून लांब जा आणि आधी गावात विचारा. आम्ही सकाळीच पोचलो. पहिली फेक पायाशी पडली. दुसरीही. वारा असेल म्हणून जागा बदलली. घाई होत असेल म्हणून रॉड मागे नेल्यावर जास्त थांबले. लाईन शेवयांसारखी गोळा होऊन समोर पडत राहिली. नंबर बरोबर, रॉड चांगला, मग चुकतेय काय? काही कळेना. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि खांदा ठणकू लागला.

विहीणबाई रुक्मिणीबाई कॉफीचा फ्लास्क घेऊन सावलीत बसल्या होत्या. घर शाकाहारी.

"मासा धरून परत सोडतात म्हणे?"

"हो."

"अय्यो! मग धरतात कशाला?"

मी रॉड सेतुरावांपुढे धरला. "हा आता तुमचा. माझा खांदा संपला." त्यांनी नको नको म्हटले, मग दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी त्यांच्याकडची अंबट भाजी आणि भात जेवून उठलो, तर ते लाईन गुंडाळायच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या घेऊन आले. एक रिकामी, एकीवर लाईन तशीच. "ही दुसरी कशाची वो? वर नुसती वाकडी रेघ काढलीत."

वाकडी रेघ म्हणजे माझ्या हातचा ८. रिकाम्या चकतीवर ४. घरच्या छोट्या रॉडची लाईन चुकून सामानात आली होती. दोन्हींचा रंग एकच, म्हणून चिठ्ठ्या लावलेल्या. आणि चिठ्ठ्या मी डब्यांवरही देवनागरीतच लावते. सेतुराव मराठी बोलतात, वाचतात तमिळ आणि इंग्रजी.

"हा चार आहे, सेतुराव."

"चार? मला आठ दिसला. वर जरा उघडा राहिला, घाईत लिहिलात म्हणून समजलों!"

सकाळी लाईन बदलून पुन्हा नदीवर. रॉड मागे वाकला, पुढे वाकला, आणि लाईन सरळ पाण्यावर जाऊन पसरली. खांद्याला पत्ताच नाही.

"काय धरलं?" रुक्मिणीबाई.

"काही नाही."

"मग हसता कशाला?"

सेतुराव रॉड परत देऊ लागले. मी म्हटले, दिला तो दिला. "सरी, बरं," ते म्हणाले, "काठी माझी, खांदा तुमचा. येत जावा." निघताना पाहिले, तर नळीवर दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या: एक इंग्रजी आठ, एक देवनागरी. दुसरा त्यांनी चकतीवर बघून गिरवला होता, मूळच्यापेक्षा सुबक.

घरी येऊन पंधरवडा झाला. वरच्या फळीवरचा डबा काढते, खांदा कुरकुरत नाही. नदीवर ठणकला तो खरोखर, की चाराच्या लाईनने ठणकवला, सांगता येत नाही. आणि तंजावरच्या कपाटातला तो रॉड नक्की कोणाचा, तेही. पण पुढच्या वेळी सामान कुरियरने पाठवावे लागणार नाही.