टॅबलेट परत न्यायला आलोय!

जोरात चालणाऱ्या कंपनीत प्रमोशनं साठतात आणि न चालणाऱ्या कंपनीत किस्से! आमच्या अंधेरीच्या ऑफिसात गेल्या दोन वर्षांत कोणाचंच प्रमोशन झालेलं नाही, त्यावरून काय ते समजा. कंपनीचं नाव नाही सांगत. पण एकेकाळी घरटी एक फोन आमचा असायचा. हल्ली मी माझा बाहेर काढला की लोक मायेनं विचारतात, "अगं, हा अजून मिळतो?"

तर फोन खपेनात, म्हणून कंपनीनं ठरवलं, टॅबलेट काढू या. टॅबलेटचा बाजार आधीच फुल्ल! वरती महागडे, खाली स्वस्त चिनी, मध्ये पाय ठेवायला जागा नाही. आणि तिथं आम्ही घुसणार.

पहिल्या मीटिंगला हेड ऑफिसचे साहेब आले. त्यांनी एक सुंदर स्लाइड दाखवली. म्हणाले, "फोन छोटा पडतो आणि लॅपटॉप मोठा पडतो, तेव्हा माणूस काय करतो?"

आमचे गावडे सर मागच्या खुर्चीत होते. मूळचे मालवणचे, कंपनीत बावीस वर्षं, तोंडाला फिल्टर नाही. ते म्हणाले, "चष्मो लावता!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी सरळ अटच घातली. तीस घरांत महिनाभर टॅबलेट फुकट वापरायला द्या. त्यातलं निदान एक घर मला दाखवा, ज्याला आपला टॅबलेट हवाच आहे. एकही नसेल, तर टॅबलेट बंद आणि हे ऑफिसही बंद. हे ऑफिस म्हणजे कोण? गावडे सर, मी आणि चेंबूरची प्रज्ञा. सर रिटायरमेंटला आलेले, त्यांना कोण ठेवणार? आणि मला चाळिशीत नोकरी शोधत फिरायची अजिबात हौस नव्हती. आमची पार टरकली होती!

*

महिना संपला. मी छान पंचवीस प्रश्नांचा फॉर्म बनवला होता. सरांनी तो बघितला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"प्रश्न विचारू नको गो. लोक गोड बोलतात, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. फक्त म्हणायचं, टॅबलेट परत न्यायला आलोय. आणि हात बघायचा. देताना हात थांबला, तर तो आपला गिऱ्हाईक!"

मला ही आयडिया एकदम झकास वाटली. पहिलं घर बोरिवलीचं. आम्ही चपला काढायच्या आत वहिनींनी खोका हातात दिला. हात थांबणं सोडाच, धावत आला! खोक्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं.

"वहिनी, उघडलाच नाही?"

"छे हो! दुसऱ्याची वस्तू. उगाच खराब झाली म्हणजे?"

*

घाटकोपरच्या एका घराकडून मात्र फार आशा होती. आम्हाला ऑफिसात बसून कळायचं, कोणता टॅबलेट किती वेळ चालू आहे. बाकीच्यांचे दिवसाला दहा-पंधरा मिनिटं. या घरातला रोज चोवीस तास! प्रज्ञा म्हणाली, "यार, हे लोक झोपतात कधी?"

आम्ही तिघंही पेढे घेऊन गेलो. घरातल्या काकांनी दार उघडलं आणि माझ्यावरच डाफरले.

"तुम्ही चार्जरला लावून चालू करून दाखवलात आणि निघून गेलात. बंद कसा करायचा ते कोण सांगणार? महिना झाला, रोज त्याच्यावर उशी ठेवून झोपतोय आम्ही!"

पेढे तरी ठेवून घेतले त्यांनी.

*

प्रज्ञाच्या आत्याकडेही एक टॅबलेट होता. आत्या म्हणजे खमकी बाई, परभणीहून लग्न होऊन आलेली. परत देताना तिनं टॅबलेटच्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला. कोणाची वस्तू रिकामी परत करायची नाही, हा तिचा नियम.

सरांनी तेवढ्यावर उड्या मारल्या. रिपोर्टमध्ये मला लिहायला सांगितलं, "ग्राहक समाधानी. सोबत लाडू दिले."

मी म्हटलं, "सर, असं कुठे लिहितात का?"

"लिही गो. लाडू नावडत्याक कोण देता?"

प्रज्ञा हळूच म्हणाली, "सर, तिच्याकडे वीजमीटर बघायला माणूस येतो, त्यालाही देते ती."

पण तोवर रिपोर्ट गेला होता. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा मेल आला. "उरलेल्या घरांतून लाडू का आले नाहीत, याचा खुलासा करावा."

*

घरं संपत चालली होती आणि हात काही थांबत नव्हते. म्हणून सर म्हणाले, दुकानदारांचं मत घेऊ. अंधेरी स्टेशनजवळच्या एका दुकानात आम्ही नमुन्याचा एक टॅबलेट ठेवला होता. जाऊन बघतो तर काय, काउंटरवर सगळ्यात पुढे आमचा टॅबलेट! महागडेसुद्धा त्याच्या मागे. सरांची छाती फुगली. त्यांनी तिथेच फोटो काढला.

"शेठ, हमारा एकदम आगे?"

"आगेच रखने का ना साब! कस्टमर को पहले आपका दिखाता हूँ. बाद में दूसरा कोई भी दिखाओ, फटाफट पसंद आता है!"

त्या दिवशी सर चहासुद्धा न घेता ऑफिसात परत आले. कपाटात एकोणतीस टॅबलेट रचून ठेवले होते, तिकडे बघत बसले. मग म्हणाले, "वैशू, एकाचोव हात थांबूक नाय गो. आपलो टॅबलेट कोणाकच नको."

बावीस वर्षांत हा माणूस कधी असा बोलला नव्हता. मला रडूच आलं.

*

तिसावं घर राहिलं होतं. मुलुंडचे परब आजोबा. पूर्वी गिरणीत होते, बायको गेल्यापासून एकटेच. महिनाभरापूर्वी टॅबलेट घेतानाही कुरकुरलेच होते, "माका ह्या कशाक?" आता चार दिवस झाले, फोन उचलत नव्हते.

हेड ऑफिसचे साहेब त्याच सकाळी मुंबईत आले होते. म्हणाले, "एकच राहिलाय ना? मीही येतो. घेऊन टाकू आणि फाइल आजच बंद करू."

साहेब, सर आणि मी गाडीनं मुलुंडला गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो. आतून कसला तरी आवाज येत होता आणि आजोबा खदाखदा हसत होते. इतके, की मध्येच त्यांना ठसका लागला. काय चाललं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि जाणून घ्यायची इतकी इच्छा आहे ना!

साहेबांनी स्वतःच बेल दाबली. आतला आवाज टप्पकन बंद झाला.

"कोण?"

"आजोबा, मी वैशाली. कंपनीतून. टॅबलेट परत न्यायला आलोय."

आत एकदम सामसूम. मग पंखा बंद झाल्याचा आवाज. मग दाराची खालची कडी लागली. मग वरची.

"परब घरी नाहीत!"

मी सरांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

साहेब गोंधळले. बेलवरचा हात मागे घेऊन दाराला तोंड लावून त्यांनी विचारलं, "कधी येतील?"

"तुम्ही गेलात की लगेच!"