धुरावर ठेवलेली तिकिटं

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खोडाळ्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. बाजारपेठेतल्या फोनवाल्या दुकानदाराने माणूस पाठवला आणि मी हातातल्या खडूसकट निघाले. फोनवर माझा भाचा नितीन एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा सकाळी गेले… अंघोळीला उठले आणि तिथेच…" पुढचं मला ऐकू आलं नाही. दुपारी मोखाड्याला पोचले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती, आणि त्यांतला एकजण, दादाबरोबर कचेरीत वीस वर्षं काढलेला, शेजारच्याला हळूच सांगत होता, "माणूस सोन्यासारखा, पण पोस्टाच्या तिकिटांच्या नादाला लागला आणि साहेब व्हायचा राहून गेला." मी रडत होते, तरी मला ते सहन झालं नाही. मी तिथल्या तिथे त्यांना सांगितलं की बढती दादाने दोनदा नाकारली ती बदली ठाण्याला होत होती म्हणून, आणि आई आमचं गाव, साखरशेत, सोडून कुठेही यायला तयार नव्हती म्हणून. तिकिटांचा त्यात काही दोष नव्हता. प्रसंग बघून बोलावं, असं वहिनीची बहीण नंतर मला म्हणाली. पण ज्याच्याबद्दल चुकीचं बोललं जातंय तो समोर आडवा पडलेला असताना नाही बोलायचं, तर मग कधी बोलायचं?

म्हणून आता, पाच आठवड्यांनी, जरा बैजवार लिहिते आहे.

आमचा दादा, रघुनाथ, साखरशेतच्या आमच्या खटल्यातला जव्हारला शिकायला गेलेला पहिला मुलगा. वसतिगृहात राहायचा. बाजारातल्या एका शेठचा कापडाचा धंदा होता, त्यांची पत्रं पोस्टात नेऊन टाकायची आणि त्याबदल्यात त्यांच्याकडे आलेली रिकामी पाकिटं घ्यायची, असा त्याने सौदा केला होता. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं, पाटीवर वाळवायचं आणि वहीत चिकटवायचं. डिंक विकत आणायला कोण देणार? जेवणाच्या ताटातली चार शितं तो बाजूला ठेवायचा आणि बोटाने मऊ करून त्यांनीच तिकिटं डकवायचा. सुट्टीत घरी आला की मला मांडीवर घेऊन ती वही दाखवायचा. चरखा चालवणारी बाई, मोटेचे बैल, धरण, भारताचा नकाशा. ट्रॅक्टर म्हणून काही असतं हे मला त्या वहीतल्या तिकिटाने शिकवलं. आमच्या उतारावरच्या वावरात असलं यंत्र कुठून येणार… मी कित्येक वर्षं समजत होते की ते विलायतेतलं एखादं जनावर आहे.

सातवीला दादा गणितात नापास झाला. आमचे बा तसे मारकुटे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी वही उचलली, आईच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "ही जाळ." एवढंच. दादा घराबाहेर निघून गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा वही दिसली नाही. त्याने विचारलं नाही. पुढच्या वर्षी पास झाला, मग मॅट्रिक झाला, मग मोखाड्याच्या कचेरीत आवक-जावकला चिकटला. गंमत बघा, ज्या माणसाच्या हातून रोज शंभर पाकिटं जायची तो ती फोडायचा, नोंद करायचा आणि पाकीट टोपलीत टाकायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, अरे तिकिटं तरी काढून ठेव." तो म्हणाला, "बाय, ते संपलं." त्याच्या तोंडून तो विषय पुन्हा निघाला नाही, तीस वर्षं.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. साखरशेतच्या घराचं छप्पर काढून पत्रे घालायचे ठरले. बा तोवर गेले होते. चुलीच्या वर छपराला टांगलेला बांबूचा माच होता, काळाकुट्ट, तोही खाली घ्यावा लागणार होता. आमच्याकडे पुढच्या साली पेरायचं ते सगळं त्या माचावर ठेवतात. नागलीची निवडक कणसं, भाताचं बी, भोपळ्याच्या बिया. खाली चूल पेटते, धूर वर जातो आणि त्या धुराने बियाण्याला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. जव्हारचा पाऊस ज्याने चार महिने अंगावर घेतला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तर दादा स्वतः माच उतरवत होता, आणि नागलीच्या टोपलीखालून पळसाच्या पानांत बांधलेलं एक गाठोडं निघालं. सोडलं, तर त्याची वही.

दादा उकिडवा बसूनच आईला म्हणाला, "तू जाळली नव्हतीस?"

"तुझ्या बानं सांगितला जाळ म्हणून. मी नाय जाळला. बियाण्यात ठेवला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तवा सांगितला असता तं तू अभ्यास सोडून परत त्याच्याच मागं लागला असता. मंग मी इसरले. आन् तूपण कधी इचारला नाय."

वही उघडली. तिकिटं सगळी जागच्या जागी होती, भाताने चिकटवलेली असूनही एकालासुद्धा झुरळाचा दात लागलेला नव्हता. पण सगळी एका रंगाची झाली होती. जुन्या तव्यासारखी तपकिरी, काही तर काळीच. बैल, बाई, धरण जवळ धरून बघितलं की दिसायचं. आणि वास… आमच्या आईच्या लुगड्याला यायचा तो वास. दादा हसत होता आणि डोळे पुसत होता. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, बा गेले तेव्हाही नाही.

त्यानंतर हा गृहस्थ जो पेटला तो पेटलाच. भिंग आणलं, चिमटा आणला, पारदर्शक खिशांचे अल्बम आणले. कचेरीतली पाकिटं पिशवीतून घरी यायला लागली. वहिनी म्हणायची, "नवरा सकाळी ऑफिसात जातो आणि संध्याकाळी कचरा घेऊन येतो." ती त्याला चिडवायची, आणि कालवणाला फोडणी देता देता पाकिटं भिजवायची परातही तीच काढून द्यायची. त्या जुन्या वहीची पानं त्याने सुटी केली. भरली पंधरा. प्रत्येक पान जाड पुठ्ठ्यावर लावलं आणि खाली आपल्या कारकुनी वळणदार अक्षरात लिहिलं, तिकीट कोणतं, पाकीट कुठून आलेलं, आणि शेवटी प्रत्येक पानावर तेच वाक्य: आईने चुलीवर ठेवली म्हणून राहिली.

एकदा मी आणि तो ठाण्याला तिकीटसंग्राहकांच्या एका मंडळाच्या बैठकीला गेलो. सगळी सुशिक्षित, नीटनेटकी माणसं. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठांनी दादाचं पहिलं पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि सौम्यपणे म्हणाले, "अहो, ही तिकिटं गेली. भाताने चिकटवलीत, वर धूर. संग्रहात डागाळलेलं तिकीट ठेवायचं नसतं, हा आपला पहिला धडा."

दादा म्हणाला, "साहेब, आमच्याकडे धुराशिवाय कागद दोन पावसाळे टिकत नाही. धूर नसता तर आज मी तुम्हाला काय दाखवलं असतं?"

"तो मुद्दा बरोबर आहे. पण आता धुऊन घ्या. औषध मिळतं, त्यात बुडवलं की रंग बराच परत येतो."

"नाही धुणार."

"का?"

"आईने एवढी वर्षं राखलंय, ते मी एका दिवसात कसं काढू?"

ते गृहस्थ हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाकडे बघून हसतात तसे हसले, आणि तेच मला जास्त लागलं. पुढे त्यांच्या प्रदर्शनासाठी दादाने पंधराही पानं पाठवली. ती परत आली, सोबत शेरा होता की स्थिती निकृष्ट. मला वाटलं आता हा खचणार. पण त्याने काय करावं? पुढच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी तो खोडाळ्यात माझ्या दारात हजर. बाजारात सुकट विकणाऱ्या बाईच्या शेजारी दोन खांबांना सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पंधरा पानं टांगली. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. आमचे हेडमास्तर भाजी घ्यायला येतील म्हणून मी जरा लांबच उभी राहिले.

आधी कुणी थांबेना. मग डोक्यावर भारा असलेली एक म्हातारी थांबली, तिने पानाला नाक लावलं आणि म्हणाली, "हा तं माचावरचा हाय."

"हो, माचावरचंच," दादा म्हणाला.

"कंच्या सालचा?"

"मी सातवीत होतो तेव्हाचं."

म्हातारीने भारा खाली ठेवला आणि शेजारच्या बाईला हाक मारली. घटकाभरात पानांपुढे ही गर्दी जमली. वाचता येणारे थोडेच होते, पण प्रत्येकजण वास घेत होता, आणि एवढ्या वर्षांत झुरळ कसं लागलं नाही हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. एकाने विचारलं, "आन् उगवला का?" दादाने घरी जमलेल्या नव्या अल्बमांची संख्या सांगितली. मी हळूहळू पुढे सरकले आणि सुतळीचं एक टोक धरून उभी राहिले, कारण वारा सुटला होता.

दादा सोपा माणूस नव्हता. हट्टी होता, एकदा नाही म्हणाला की नाही. आई गेली त्या वर्षी तो माझ्याशी तीन महिने बोलला नाही, कारण मी तिच्या माचाचे बांबू सरपणाला वापरायला सांगितले होते. माझं चुकलंच होतं, पण तीन महिने? हेही लिहायला हवं, नाही तर गेलेला प्रत्येकजण देवमाणूस होतो.

आता अलीकडचं. दादाच्या दिवसांनंतर ठाण्याच्या त्याच मंडळाचं पत्र आलं. आता तिथे नवी माणसं आहेत, त्यांनी फार आदराने लिहिलं होतं. यंदाच्या प्रदर्शनात दादाच्या स्मरणार्थ त्याची पानं लावायची इच्छा आहे, साफसफाई आम्हीच करून घेऊ. नितीन ठाण्यातच नोकरीला असतो. त्याने वहिनीला विचारलं, वहिनी म्हणाली, "होऊ दे, त्यांचं नाव होईल." मला कुणी कळवलं नाही. कळलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ठाण्याला निघाले.

मी पोचेपर्यंत एक पान धुऊन झालं होतं. नितीनने ते माझ्यापुढे ठेवलं. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. धरण हिरवंगार, नकाशा लालभडक, बैलांच्या पाठीवरची रेघ न् रेघ दिसत होती. दादाच्या मांडीवर बसून मी बघितलेले रंग हेच असणार, ते मी पार विसरले होते. हात पुढे केला आणि वाटलं, बाकीचीही होऊ देत की… कुणाचं काय जातंय? दादासुद्धा हे रंग बघून हरखला असता. नितीन माझ्या तोंडाकडेच बघत होता. "बघ, आत्या," तो म्हणाला, "बाबा उगाच हट्ट करायचे."

त्या "उगाच"ने मी ताळ्यावर आले. तीस वर्षं मन मारलेल्या माणसाला जे परत मिळालं ते हे रंग नव्हते. त्याला परत मिळालं ते हे, की घरात सगळ्यांनी मोडीत काढलेली त्याची गोष्ट कुणीतरी पुढच्या पेरणीच्या बियाण्याशेजारी ठेवली होती. त्याचा पुरावा म्हणजे तो काळा थर, दुसरा कुठला नाही. आणि तो पुरावा आम्ही त्याच्याच नावाने धुवायला निघालो होतो. मी नितीनला हे सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. उरलेली चौदा पानं त्यानेच फडक्यात बांधून दिली.

मोखाड्याला वहिनीने धुतलेलं पान हातात घेतलं. नाकाशी नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं. "ह्याला तर काहीच नाही," म्हणाली, आणि आत निघून गेली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

मी दादाचं पेन घेतलं. धुतलेल्या पानाखाली त्याचं नेहमीचं वाक्य होतं, ते आता तिथे खरं वाटत नव्हतं. मी ते खोडलं नाही. त्याच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं: हे पान तो गेल्यावर, त्याची इच्छा ठाऊक असूनही, आम्ही घरच्यांनी धुऊ दिलं. खाली सही केली. वहिनीनेही केली, आणि पुढच्या रविवारी नितीनने.

मंडळाला मी पत्र टाकलं आहे. दादाचा संग्रह लावायचा तर चौदा काळी पानं आहेत तशी लावा, आणि हे पंधरावं, खालच्या मजकुरासकट. परवा त्यांचा फोन आला होता. चौदाही पानं लावतो म्हणाले, फक्त पंधराव्यावरची ती शेवटची ओळ झाकली तर चालेल का, तुमच्याच घराला कमीपणा येईल.

मी म्हटलं, येऊ दे.