शहरात कुणाला काही विचारू नये

कोळशावर चालणाऱ्या त्या सर्व्हिस मोटारीत माय खिडकीशी बसली होती, आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बांधलेल्या ओल्या फडक्यातून पाण्याचा थेंब गालावरून ओघळत येऊन हनुवटीशी थांबत होता... लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची टाकी जोडलेली; तिचा कडवट, जळका वास वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर आत येई. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत दोन्ही अंगांना कपाशीची उघडी रानं, फाल्गुनातलं कोरडं ऊन, आणि त्या सगळ्यावर पसरलेला मोठ्या आबांचा आवाज.

मोठे आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गावात धुळे पाहिलेली माणसं थोडी, आणि पाहून त्याविषयी बोलणारे एकटे आबा. माझे वडील पारोळ्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. म्हणून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटताना मायच्या डोळ्यात काडी घुसली आणि घरचे सगळे उपाय करूनही चौथ्या दिवशी डोळा लालभडक होऊन उघडेनासा झाला, तेव्हा तिला डॉक्टरकडे नेण्याचं काम आपोआप आबांकडे आलं. मला सोबत घेतलं, कारण माय थोरल्या दिरांशी बोलत नसे. तिचं म्हणणं आबांना आणि आबांचं तिला पोचवायला मधे कुणीतरी हवं होतं. मी नऊ वर्षांची होते.

“शहरमा रस्ताना मधमा उभं ऱ्हावानं नही,” आबा बोट उभारून सांगत होते. “गठुडं छातीशी धरानं. दुकानकडे टकमक देखानं नही. पाट्या मोठ्यानं वाचान्या नही, लोके समजतस खेडानं माणूस उनं. आनि कोनले काही इचारानं नही. इचारं, की फसनात!”

त्या वेळी मला हे सारं वेदवाक्य वाटलं. मी गठुडं छातीशी इतकं घट्ट धरलं, की भाकरीसोबत बांधलेल्या कांद्याचा वास दिवसभर माझ्या झग्याला येत राहिला.

धुळ्यात उतरलो तेव्हा ऊन नुकतंच चढू लागलं होतं. किती माणसं, किती टांगे! तळणीचा, घोड्यांच्या लिदीचा, नव्याकोऱ्या कापडाच्या खळीचा असा एकमेकांत मिसळलेला वास... पारोळ्याच्या मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं — चौथी गल्ली, डोळ्यांचा दवाखाना, दुपारी बारापर्यंत. धुळ्याच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. याहून सोपं गाव देवानं निर्माण केलं नसेल. आबा गल्ल्या मोजत निघाले. एक, दोन, तीन, चार. चौथ्या गल्लीत दवाखाना नव्हता. धान्याची वखार होती.

“पुढे गया असतीन,” आबा म्हणाले, जणू दवाखानाच चालत गेला होता.

आम्ही पुढे गेलो. मागे आलो. पुन्हा मोजलं. तीच सारखी, सरळ, एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटाव्यात अशी गल्ली, तेच ओटे, तीच वखार... माझ्या पायांना धुळीचे चटके बसू लागले. मायने एकदा मला जवळ ओढून हलकेच म्हटलं, “आबास्ले सांग, कोनले तरी इचारा म्हना.” मी सांगितलं. आबा थांबलेदेखील नाहीत. “तुनी मायले सांग, मी धुये जानस.”

असं किती वेळ चाललं, कोण जाणे. एका कोपऱ्यावर भिंतीत ठोकलेली पत्र्याची पाटी मला दिसली. तिच्यावर ४ हा आकडा होता. दुसरीत शिकणाऱ्या मुलीला चार वाचता येतो. “आबा, हाई देखा, चार!” मी ओरडले. आबांचा हात माझ्या पाठीत बसला. “पाट्या वाचू नको सांगेल शे ना? तो घरना नंबर शे.”

आणि माय थांबली. भर रस्त्यात, मधोमध. मागून आलेला टांगेवाला खेकसला, पण ती हलली नाही. कपाळाखाली ओढलेला पदर तिने मागे सारला आणि ओट्यावर बांगड्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका मण्यारणीला, थोरल्या दिरांच्या देखत, मोठ्या आवाजात विचारलं, “बहीन, डोयाना डाक्टर कोठे बसस?”

मण्यारीण तिच्या डोळ्यावरच्या फडक्याकडे पाहून चटकन उठली. “अरी बहन, आठेच तर शे! चाल, मनासंगे चाल.” टोपली तशीच शेजारणीच्या हवाली करून ती आम्हाला त्याच गल्लीत, पाटीपासून दहा घरं आत घेऊन गेली. आबा मागून येत होते.

दवाखान्याचा कंपाउंडर कुलूप लावत होता. “साहेब आत्ताच जळगावला गेले, बाई. तासभर आधी यायचं. आता तीन दिवसांनी भेटतील.” त्याने कुलूप काढून डोळ्यात औषध घातलं, स्वच्छ पट्टी बांधली आणि बजावलं, “हयगय करू नका. साहेब आले की त्याच दिवशी दाखवा.”

“मी धरमशायामा ऱ्हास म्हना,” मायने मला सांगितलं.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, तरी मी बोलेपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, “बाईमानूसले शहरमा ठेवतस का?”

आम्ही परत निघालो. पारोळ्याला मोटारीतून उतरताना आबा स्वतःशीच पुटपुटले, “गल्ल्या मी उलट्या टोककडथून मोज्यात.” एवढंच. त्यांची ती कबुली ऐकणारी मी एकटीच असेन.

तीन दिवसांनी जायचं ते पाचव्या दिवशी जमलं; वडील मायला घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते म्हणे, रागावले नाहीत. आधी हाती लागला असता तर डोळा राहिला असता, एवढं मात्र म्हणाले. डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याची नजर गेली. पुढच्याच महिन्यात पारावर आबांना कुणाला तरी धुळ्याला जाण्याच्या युक्त्या सांगताना मी ऐकलं; त्यात गल्ल्या कोणत्या टोकाकडून मोजाव्यात ही नवी भर पडली होती, आणि लोक माना डोलावत होते. मी घरात जाऊन उखळीला लाथ मारली. अंगठ्याचं नख निघालं. आजही ते वाकडंच उगवतं.

माय नंतर पुष्कळ वर्षं जगली. निवडणं-टिपणं, चूल, शेत, सगळं तिने एका डोळ्यावर निभावलं. त्या दिवसाबद्दल ती कुणाशीही बोलली नाही, आणि थोरल्या दिरांसमोर तिचा पदर पुन्हा पूर्वीसारखाच खाली आला. फक्त डावीकडून कुणी आलं की ती दचके, म्हणून मी नेहमी तिच्या उजव्या हाताला बसत असे. ती गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. तरीही कुणाच्या घरी गेले, सतरंजीवर कितीही जागा मोकळी असली, तरी माझे पाय आधी माणसाच्या उजव्या बाजूला जातात... तिथे बसल्यावर मग आठवतं, की या माणसाला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.