बाया येतात ना कामावर

आमच्याकडं कोणी कामाला जात नाही, जगायला जातो. दिवाळी झाली, नागली घरात आली, की मुकादम पाड्यावर येतो, ओटीवर बसतो, चहा होतो आणि टोळी ठरते. कुठं जायचं, काय करायचं हे फारसं कोणी विचारत नाही. मुकादम कोण, एवढंच विचारतात. त्याच्यासोबत चहा घेतला म्हणजे शब्द दिला. मी आठवीत आश्रमशाळा सोडली ती अशाच एका ट्रकात बसायला. लग्न झाल्यावर बायकोही बसू लागली, कारण वीटभट्टीवर जोडीच लागते. एकानं चिखल तुडवायचा, दुसऱ्यानं विटा पाडायच्या.

आता मी लाटव्हिया नावाच्या देशात आहे, काकड्यांच्या एका मोठ्या काचघरात. नाशिककडच्या पॉलिहाऊसवर मी वेली बांधायचो, तिथल्या साहेबांनी माझं नाव इकडं दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. इथून रशियाची शीव म्हणजे आमच्या खोडाळ्याहून जव्हार, तेवढी लांब. जीप असती तर बाजार करून संध्याकाळी परत.

निघताना बायकोनं एकच गोष्ट विचारली होती, कामावर बाया असतील ना? सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं माझा मेहुणा हसला, शेजारच्या दाभोश्या गावचा. ताईला आता दाजींची राखण करायला विमानानं जावं लागणार, म्हणाला. ती हसली नाही. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी मी फोटो पाठवला, डोक्याला रुमाल बांधलेल्या दहा-बारा बाया आणि कडेला मी. तो फोटो बघितला तेव्हा कुठं ती नीट जेवली, असं आईनं नंतर सांगितलं. मलाही तेव्हा वाटलं, बाईची जात, संशय आला असेल.

इथली मुकादमही बाईच आहे. साठीची असेल. मी तिला मनात मुकादमीण म्हणतो. काकडीला बोट कसं लावायचं नाही, ते तिनं माझा हात धरून शिकवलं. थंडीत पायमोजे विणून दिले. बोलायचं झालं तर ती तिच्या भाषेत फोनमध्ये बोलते, फोन ते मला हिंदीत वाचून दाखवतो. मी आलो तेव्हा जेवायच्या टेबलावर सगळ्या बाया एकत्र बसायच्या. काहीजणी घरात रशियन बोलणाऱ्या, काहीजणी इथली भाषा बोलणाऱ्या, पण लोणच्याची बरणी एकच फिरायची. पुढं बातम्या वाढल्या. युक्रेनचं झालं तसं उद्या आपलं होईल, असं एक बाजू म्हणायची. दुसरी बाजू गप्प राहायची. हळूहळू टेबलाची दोन टोकं झाली. बरणी मधेच राहू लागली. मी मधे बसतो, कारण मला दोन्ही कळत नाहीत.

मग एके दिवशी दुपारी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. आकाशात काहीतरी शीव ओलांडून आलं होतं, माणूस नसलेलं विमान. मी वेलींमध्ये तसाच उभा. डोक्यावर सगळी काच. मुकादमिणीनं माझं मनगट पकडलं आणि ओढत तळघरात नेलं. तिथं काकड्यांच्या बरण्या आणि पाण्याचे कॅन रचून ठेवलेले. म्हणजे तिनं आधीच तयारी केली होती. रशियन बोलणारी एक बाई रडत होती आणि दुसऱ्या बाजूची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. काही पडलं नाही त्या दिवशी. पण तेव्हापासून कुठं भांडं जरी पडलं तरी मी वर बघतो.

मागच्या होळीला सुट्टी मिळाली. घरी आलो तर मेहुणा नवा शर्ट घालून ओटीवर बसलेला. त्याचं ठरलं होतं. जव्हारला एक माणूस येतो, रशियात हेल्परचं काम देतो. मेहुण्यासोबत मोखाड्याकडचा त्याचा दोस्त आणि अजून काही जण. चहा झाला होता, पासपोर्ट झाला होता. दुसऱ्या दिवशी जीप न्यायला येणार होती.

मी म्हटलं, कसला हेल्पर?

"हेल्पर म्हणजे हेल्पर. तुमी तिकडनं यायचं, मी हिकडनं. शिवेवर बसून बिडी ओढू, दाजी."

त्याला शीव म्हणजे आमची शीव वाटत होती. मधे एक दगड, त्याला शेंदूर, आणि पलीकडच्या गावात मामाचं घर. मी त्याला तळघर सांगितलं. हेल्पर म्हणून नेलेल्या आपल्या पोरांना लढाईत पुढं उभं केलं अशा बातम्या आहेत, तेही सांगितलं. तो ऐकत होता, पण नखानं ओटीचं शेण उकरत. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला कोणी अडवलं का, म्हणाला. शब्द दिलाय, आता नाही म्हटलं तर उद्या भट्टीचा मुकादमसुद्धा दारात उभा करणार नाही. मी पण असाच गेलो होतो. माझं बरं झालं, एवढाच फरक.

बायको चुलीपाशी होती. तिथूनच तिनं विचारलं, "भाऊ, बाया हायेत का तिथं कामावर?"

मेहुणा हसला. "ताई, तुझं एकच."

"हसू नको. नुसते दादले नेऊन काय करतात रे? भट्टीवर बाया लागतात, वाळूवर लागतात, यांच्याकडं पण हायेत. तिथं भाकर कोण भाजतं, ते विचार त्याला."

तिची चेष्टा करायला म्हणूनच त्यानं त्या जव्हारच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस हसला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होता. बाई काय को चाहिए तेरे को, जेवण मिळेल, राहायला मिळेल, कपडे-बूट पण तेच देणार, सगळ्यांना एकसारखे.

"कपडे पण?" बायको म्हणाली. हळूच म्हणाली, पण फोनमधल्या माणसालाही ऐकू गेलं असावं, कारण त्यानं विषय बदलला.

मेहुण्यानं फोन ठेवला. तो नवा शर्ट काढून त्यानं आमच्या खुंटीला लावला, रात्री आपल्या घरी गेला, आणि सकाळी जीप दाभोश्यात येऊन हॉर्न वाजवत राहिली तेव्हा तो नदीकडं निघून गेला होता. त्याचा दोस्त मात्र गेला. त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दोस्ताची आई आता खोडाळ्याच्या बाजारात माझ्या बायकोला गाठते. पोराचा फोन लागत नाही. ती म्हणते, तुझा दादला तिकडंच हाय ना, त्याला म्हण जरा शीव ओलांडून बघून ये. बायको तिला हो म्हणते आणि बाजार न करताच घरी येते.

इथं आता काकड्यांचा हंगाम भरात आहे, पण टेबलावर जागा बऱ्याच रिकाम्या असतात. कोणी पोरांना घेऊन जर्मनीला बहिणीकडं गेली, कोणी काही न सांगता यायची थांबली. सोमवारी मुकादमिणीचा एप्रन खुंटीलाच होता. आईला तपासायला नेलंय, असा तिचा निरोप फोननं मला वाचून दाखवला. मंगळवारीही तो तिथंच होता.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. पाऊस, बकरी, आईचा गुडघा, सगळं झालं. मला माहीत होतं ती काय विचारणार.

"बाया येतात ना कामावर?"

"येतात," मी म्हटलं.

ती म्हणाली, "उद्या फोटो पाठवा."