पापणीवर स्टेथोस्कोप

“मॅडम, डोळं आल्यात हिचं. ड्रॉप लिवून द्या,” साखरशेतचा काशिनाथ खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला. “आन् डोकीत चक्की चालते म्हनती. रातभर मला झोपू देत नाय.”

“चालतेच!” त्याची बायको जानकी फणकारली. “घूं घूं, घूं घूं. याला पटत नाय.”

मी जव्हारला डोळ्यांचा दवाखाना चालवते. डोळे आलेले पेशंट रोजचेच. पण हिचा डावा डोळा तेवढा लाल, थोडा पुढे आलेला, पापणी अर्धी मिटलेली. आधीच्या ड्रॉपनं काडीचा फरक नाही. टॉर्च मारला. उजव्या डोळ्याची बाहुली, म्हणजे बुबुळातला मधला काळा ठिपका, चटकन बारीक झाली. डावी मोठी ती मोठीच. ढिम्म.

“डोक्याला कधी लागलं होतं?”

काशिनाथ छताकडे बघायला लागला.

“यानंच गाडीवरून पाडली,” जानकी म्हणाली.

मी तिला डोळे मिटायला लावले आणि डाव्या पापणीवर अलगद स्टेथोस्कोप ठेवला. घूं... घूं... घूं... अगदी नाडीच्या ठेक्यात. नळ्या काशिनाथच्या कानात घातल्या. त्यानं आ वासला.

“आयो! चक्की हाय की!”

“कवाधरनं सांगते!” जानकीचा चेहरा असा खुलला, जणू दुखणं निम्मं गेलं.

डोळ्यामागे एक धमनी शिरांच्या जाळ्यातून जाते. मार लागून तिला भोक पडलं की जोराचं रक्त थेट शिरांत घुसतं. याला फिस्टुला म्हणतात. शिरा फुगतात, डोळा लाल होतो, बाहुली बारीक करणारी नस दाबली जाते. हयगय केली तर नजर जाते.

“डोळा वाचंल ना, मॅडम? लावणी तोंडावर हाय.” तिचा आवाज पहिल्यांदाच उतरला.

“वाचवायचाच आहे. पण मुंबईला आजच निघायचं.”

मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणाऱ्या तिथल्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला.

“एमआरआय केलास?”

“सर, जव्हारात? स्टेथोस्कोप केलाय.”

सर हसले. “पाठव.”

मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन त्यांनी भोक बुजवलं. इकडे लावणी काशिनाथनं भावकीला घेऊन उरकली.

भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा दोघं पुन्हा आली. डोळा पांढराशुभ्र. टॉर्च मारला. डावी बाहुली झटकन बारीक! मी परत मारला. तपासायला नव्हे, निव्वळ आनंदानं.

“मग, आता रात्री शांत झोप?”

“कसली शांत! चक्की थांबली तवा कळलं, ह्यो केवढा घोरतो!”

तेव्हापासून माझा नियम ठरला. बायको डोक्यात आवाज येतो म्हणाली, की आधी स्टेथोस्कोप लावायचा. नवऱ्याचं नंतर ऐकायचं.